वीसकिलो महाराज कोण?

"नावं ठेवायला सगळ्यांनाच येतं, नाव ठेवायला मात्र अक्कल लागते!" असं म्हणत निरीक्षकांनी ऑफिसचा वार्षिक अंक बायकोपुढे टाकला आणि ते खुर्चीत असे रेलले, की आता फक्त हार गळ्यात पडायचा बाकी आहे.

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. दुकानोदुकानी हिंडायचं, वजनं तपासायची, खरं निघालं त्यावर शिक्का मारायचा आणि खोटं निघालं ते जप्त करायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. पण राजकारणावर काहीतरी जळजळीत लिहायचं आणि तरी कुणाच्या हाती सापडायचं नाही, ही त्यांची जुनी हौस. म्हणून त्यांनी अंकातल्या आपल्या कथेत वजनांचं राज्य उभं केलं होतं. गादीवर वीसकिलो महाराज, वरून तेल लावून चकचकीत आणि खालून पोकळ! प्रधान पासंग. खोटा तराजू सरळ दिसावा म्हणून पारड्याखाली चिकटवतात ना, तो तुकडा. स्वतःला काडीची किंमत नाही, पण जिकडे चिकटेल तिकडे राज्य झुकणार. मध्ये काटा, खरं सांगेन म्हणून थरथरणारा आणि महाराजांनी डोळे वटारले की हवा तिकडे वळणारा. आणि सगळ्यांत शेवटी मिलिग्राम, पत्र्याचा एवढासा कपटा. महाराज शिंकले की गेला उडून!

"महाराज म्हणजे सत्ता," निरीक्षक सांगू लागले. "पासंग म्हणजे पक्ष बदलणारे. काटा म्हणजे वर्तमानपत्रं. मिलिग्राम म्हणजे आपली गरीब जनता. नावानावात अर्थ ठासून भरलाय! पण बापजन्मात कुणाला कळायचा नाही!"

बायकोच्या एका मांडीवर एक पोर होतं आणि दुसऱ्या मांडीवर दुसरं. दोन्ही शेजारपाजारची. निम्म्या गल्लीच्या आया आपली लेकरं तिच्यापाशी ठेवून कामाला जात. घरातल्या एका खोलीत तिने हे पाळणाघर काडीकाडीने उभं केलं होतं. तिने एका दमात कथा वाचली आणि विचारलं,

"वीसकिलो महाराज म्हणजे तुमचे साहेब ना?"

"काहीतरीच काय!"

"पोट पुढे, डोक्याला तेल, जेवल्यावर ढेकर आणि शिंकले की खिडक्या हलतात. मी काय पाहिलं नाही का त्यांना?"

निरीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायचं तर साहेब त्यांच्या मनातही नव्हते. पण राजा कसा दिसतो हे आठवायला बसलं, की रोज समोर बसलेला माणूसच आठवणार! आणि हे साहेब साधेसुधे नव्हते. निरीक्षकांची बदली घाटत होती, पार लांबच्या गावी. साहेबांनी शिफारस केली आणि मुख्य कार्यालयातल्या संचालकांनी मान डोलावली, तरच ती टळणार होती.

"बदली झाली तर हे पाळणे उचलून कुठे नेऊ मी?" बायको म्हणाली. "आणि ही पोरं कुणाच्या पदरात टाकू? तुम्हाला हीच वेळ सापडली होय अक्कल दाखवायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक थेट साहेबांच्या खोलीत! आग लागायच्या आधीच पाणी ओतावं, हा विचार.

"साहेब, एक खुलासा करायचा होता. ते महाराज तुम्ही नव्हे."

साहेब चहा पीत होते. "कोण महाराज?"

"वीसकिलो."

"कसले वीस किलो?"

"कथेतले, साहेब. आपल्या अंकातले. ते पोकळ आहेत ना, ते. ते तुम्ही नव्हे!"

साहेबांनी अंक उघडलासुद्धा नव्हता. टेबल डुगडुगत होतं म्हणून तो पायाखाली घातलेला होता. साहेब वाकले, धापा टाकत त्यांनी अंक ओढून काढला, टेबल कलंडलं, चहा फायलींवर सांडला, आणि साहेब वाचू लागले. निरीक्षक फडकं घेऊन चहा टिपत राहिले.

"महाराजांचं पोट पारड्यात मावत नाही म्हणे," साहेब म्हणाले. "आणि हा मी नव्हे?"

"छे छे, साहेब!"

"मग कोण?"

"संचालकसाहेब!" निरीक्षक बोलून गेले. जिभेने डोक्याला विचारलंच नाही!

साहेबांच्या पोटापासून हसू निघालं आणि खांद्यापर्यंत चढलं. "असं होय! आता लागला अर्थ!" म्हणत त्यांनी कथा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

बाहेर हेडक्लार्क दबा धरून उभे. ऑफिसातल्या दोन्ही संघटनांच्या बैठकांना हे गृहस्थ नेमाने जात आणि दोन्हीकडे टाळ्या वाजवत.

"पासंग म्हणजे मीच ना?"

"तुम्ही कसे असाल? पासंग म्हणजे संचालकांचे मेहुणे!"

"त्यांना मेहुणे आहेत?"

"असतीलच की! लग्न झालंय त्यांचं!"

मग टायपिस्ट बाई आल्या, डोळे पुसत. काटा थरथरतो आणि बाईंचे हातही थरथरतात, एवढ्यावरून त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. निरीक्षकांनी काटा संचालकांच्या सेक्रेटरीच्या गळ्यात बांधला. एक खोटं निभवायला अख्खा गोतावळा लागतो म्हणतात, तो निरीक्षकांनी संध्याकाळपर्यंत पुरा केला. बाईंनी डोळे पुसले आणि जाता जाता म्हणाल्या, "बरं झालं बाई. शनिवारच्या स्नेहसंमेलनाला संचालकच पाहुणे आहेत, आता त्यांच्याकडे बघून हसता तरी येईल!"

पण स्नेहसंमेलनात अंकातली एक कथा लेखकाने मोठ्याने वाचायची, अशी ऑफिसची पद्धत होती, आणि साहेबांनी मोठ्या आनंदाने हीच कथा निवडली होती!

शनिवारी निरीक्षकांनी अंगावर पांघरूण ओढलं. "मला ताप आहे."

बायकोने एका हाताने पाळणा हलवत दुसरा हात त्यांच्या कपाळावर ठेवला. "काही नाही. उठा. जे असेल ते खरं सांगा. जायचंच झालं तर पाळणे मी बांधीन, पण तुमची मान खाली गेलेली मला चालायची नाही." असं म्हणून तिने पांघरूण ओढून काढलं, आणि निरीक्षक उठले.

सभागृह गच्च भरलं होतं. संचालक पहिल्या रांगेत मधोमध. अंगाने हे एवढेसे, काडीपैलवान! निरीक्षक वाचू लागले. महाराजांचं नाव आलं की अख्खं ऑफिस माना वळवून संचालकांकडे बघे आणि फिदीफिदी हसे. महाराजांनी ढेकर दिला, ऑफिसने बघितलं. महाराज शिंकले, ऑफिसने बघितलं. कथा संपली तेव्हा संचालक उभे राहिले.

"कथा छान आहे. पण हे वीसकिलो महाराज कोण? आणि सगळे माझ्याकडे का बघताहेत?"

"म-महाराज म्हणजे सत्ता, साहेब," निरीक्षक म्हणाले. "अमूर्त."

"अमूर्त कशी? ती ढेकर देते!"

निरीक्षकांना डोळ्यांपुढे बांधलेले पाळणे दिसू लागले. आता खरं सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, एवढ्यात एक खुर्ची करकरली. साहेब उठत होते. त्यांना उठायला वेळ लागे, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष गेलं.

"मी आहे तो," साहेब म्हणाले. "महाराज म्हणजे मी. हे पोट बघा आणि तुमचं बघा, साहेब. वीस किलो कुठे दिसतात?"

हशा पिकला. साहेब निरीक्षकांकडे वळले. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं हो. खोलीत आरसा आहे माझ्या! पण एक चूक केलीत तुम्ही. पोकळ म्हणजे खोटा, असं लिहिलंत. लोखंडी वजनाच्या बुडाला काय असतं?"

"भोक असतं, साहेब."

"त्यात?"

"शिसं भरतात. वजन कमी भरलं तर थोडं घालायचं, जास्त भरलं तर काढायचं."

"आणि शिक्का कुठे मारता?"

"त्या शिशावरच."

"मग! पोकळी नसेल तर वजन दुरुस्त करणार कुठून? मी पोकळ आहे, कबूल. तुमच्यासारखे चार जण त्यात थोडं थोडं शिसं ओततात, म्हणून मापात बसतो. तेव्हा मला इतक्यात जप्त करू नका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जन्मभर वजनं उलटी करून बघणाऱ्या निरीक्षकांनी साहेबांना मात्र वरूनच बघितलं होतं, आणि त्याच साहेबांनी भर सभेत त्यांचं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं होतं.

"मग मेहुण्यांचं काय झालं?" मागून हेडक्लार्कांचा आवाज आला.

"कुणाचे मेहुणे?" संचालकांनी विचारलं.

हेडक्लार्कांनी निरीक्षकांचा चेहरा पाहिला. "माझे, साहेब! घरगुती आहे. पासंग मी आहे."

"आणि काटा मी!" टायपिस्ट बाई हात वर करून म्हणाल्या, आणि हात अजिबात थरथरत नव्हता.

संचालकांचा चेहरा पडला. "म्हणजे अख्खं ऑफिस या कथेत आहे. आणि मी कुणीच नाही?" ते हळूच खाली बसले. "इतकी वर्षं झिजलो या खात्यासाठी. मुख्य कार्यालयात गेलं की माणसाला विसरतात हेच खरं."

"आहात ना!" साहेब ताडकन म्हणाले. "दुसऱ्या भागात मुख्य पात्र तुम्हीच! पण तो लिहायला निरीक्षक इथेच हवेत. सगळी पात्रं इथली."

संचालक खुलले. "मग पुरा होईपर्यंत यांना हलवायचं नाही!"

घरी येऊन निरीक्षकांनी सगळं सांगितलं तेव्हा बायको रडली, मग हसली आणि शेवटी म्हणाली, "साहेबांना सांगा, त्यांच्या नातवंडांना आमचं पाळणाघर कायम उघडं आहे."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. निरीक्षक अजून दुसरा भाग लिहिताहेत. संध्याकाळी एक पान लिहितात, बायको सकाळी ते फाडून पोरांना होड्या करून देते. मधूनमधून संचालकांचा फोन येतो.

"काय, झालं का?"

"आपल्याला शोभेलसं नाव सुचत नाहीये, साहेब."

"सावकाश होऊ द्या हो. नाव ठेवायला अक्कल लागते!"

ती आपल्याला नाही, हे निरीक्षकांनी केव्हाच मान्य केलंय. नाव सुचत नाही तोवर बदली नाही, आणि पाळणाघर त्याच्यावरच तर चाललंय!