पुढून जपानी, मागून अमेरिकन

ग्रंथपालांची गाडी वर्षाला जेमतेम चारशे किलोमीटर चालायची, पण तिचा वापर मात्र रोजचा होता. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी साडेनऊला वर्तमानपत्र घेऊन घराशेजारच्या गॅरेजमध्ये जात, ड्रायव्हरच्या सीटवर बसून काचा वर करत आणि अग्रलेखापासून हरवलेल्या कुत्र्यांच्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचून काढत. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना गप्प करण्यात घालवलेल्या या माणसाला स्वतःच्या घरात शांतता म्हणून मिळत नव्हती. घरात बायको होती, बायकोचा फोन होता, मिक्सर होता आणि रविवारी दोन जावई होते.

गाडी आता सतरा वर्षांची झाली होती आणि शनिवारी तिची सरकारी तपासणी होती.

"पास झाली तर ठीक," बायकोने बजावलं होतं. "नाहीतर सरळ भंगारात. त्या जागेत मी टेबल टेनिस मांडणार आहे. मैत्रिणी केव्हाच्या मागे लागल्यात."

पास होण्यात अडचण एकच होती. सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला झाल्यामुळे गाडी खुळखुळ्यासारखी वाजायची. रविवारी जेवताना ग्रंथपाल हे बोलून गेले आणि तिथेच फसले.

थोरले जावई दातांचे डॉक्टर. त्यांची भक्ती जपानी गाड्यांवर. छोटं इंजिन घ्यायचं, त्याला टर्बो जोडायचा आणि एकेक स्क्रू पारखत त्याच्याकडून दुप्पट काम करून घ्यायचं, हा त्यांचा धर्म. धाकटे जावई क्रेन भाड्याने देत. त्यांना अमेरिकन गाडी लागे: आठ सिलिंडर, लांबलचक बॉनेट आणि शेजारच्या गल्लीतल्या कपबश्या हलतील असा आवाज. एका मित्राच्या वर्कशॉपची किल्ली दोघांकडेही होती, पण एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून ते वेगवेगळ्या दिवशी जात.

"अमेरिकन गाडी म्हणजे कपाट हो," थोरले म्हणाले. "सरळ पळतं. वळायचं असेल तर आठ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो."

"आणि तुमची जपानी म्हणजे शिवणयंत्र. पाय दाबला की आधी शिट्टी वाजवते, मग विचार करते, मग निघते."

"ते सुधारता येतं."

"आमच्याकडे सुधारावं लागत नाही. इंजिनच मोठं असतं."

"हो, काहीतरी मोठं हवंच ना."

"भाजी वाढू का?" सासूबाईंनी विचारलं.

जावयाला नाही म्हणणं ग्रंथपालांना आजवर जमलं नव्हतं. जेवणानंतर थोरल्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, गाडी मी बघतो. क्लॅम्प काय, आणखीही थोडं करतो. खरं सांगा, माझं पटतं ना?"

"तुमचंच बरोबर आहे, जावईबापू."

दहा मिनिटांनी बेसिनपाशी हात धुताना धाकट्यांनी तेच विचारलं. त्यांचंही बरोबर निघालं.

सोमवारी थोरले गाडी घेऊन गेले. मंगळवारी धाकट्यांचा फोन आला. "बाबा, वर्कशॉपमधून बोलतोय. तुमच्या गाडीत टर्बो आहे, पुढच्या स्प्रिंगा काढून आखूड बसवल्यात. तुम्ही सांगितलंत?"

"छे, छे."

"मग काढतो."

ग्रंथपालांच्या डोळ्यांपुढे थोरल्यांचा पडलेला चेहरा आला. "काढू नका हो. त्यांना वाईट वाटेल."

"आणि मला नाही वाटत?"

प्रश्न रास्त होता. "मग तुम्हीही बसवा काहीतरी."

बुधवारी थोरल्यांचा फोन आला, की मागे ट्रॅक्टरसारखी रुंद चाकं कोणी लावली. गुरुवारी पुन्हा धाकट्यांचा. ग्रंथपाल प्रत्येकाला काढू नका म्हणत गेले आणि गाडी वाढत गेली.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी घरी आली ती पुढून चार बोटं खाली आणि मागून वीतभर वर, कोणाच्या तरी पाया पडायला वाकल्यासारखी. बॉनेटवर दोन काळे पट्टे होते, मागे दंडाएवढे दोन पाइप. क्लॅम्प कोणीच घट्ट केला नव्हता, कारण सायलेन्सरच काढून टाकला होता. ग्रंथपाल आत बसले ते घसरत स्टिअरिंगपर्यंत गेले. किल्ली फिरवली, आणि लगेच उलटी फिरवून बाहेर आले.

"मी ही चालवणार नाही."

"सरका," बायको म्हणाली. लायसन्स तिच्याकडे लग्नाआधीपासून होतं.

शनिवारी दोन्ही जावईही बरोबर आले. तपासणी केंद्रात अधिकारी बाईंनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "ही कुठली गाडी?"

"जपानी पद्धतीची," थोरले म्हणाले.

"अमेरिकन," धाकटे म्हणाले.

"कागदावर साधी फॅमिली कार आहे." बाईंनी आवाज मोजायचं यंत्र पाइपाजवळ धरलं आणि आकडा बघून कान चोळला. "टर्बोचा वेगळा फॉर्म भरा. चाकं राहू देत. पण उंची पुढून मागून सारखी करा आणि मूळचा सायलेन्सर लावा. एकला टेबल बंद होतं. तोवर झालं तर ठीक, नाहीतर नापास."

ग्रंथपालांना डोळ्यांपुढे टेबल टेनिसचं टेबल दिसू लागलं. जावयांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सायलेन्सर आणि जुन्या स्प्रिंगा आणायला दोघं एकाच रिक्षातून गेले, आणि आल्यावर एकाच गाडीखाली शिरले. बाहेर फक्त चार पाय दिसत होते.

"टॉर्च धरा."

"धरलाय."

"जरा वर. अजून. आता थोडं दुखेल."

"कोणाला?"

"सवय हो."

एकला दहा मिनिटं कमी असताना बाईंनी पुन्हा यंत्र धरलं. आकडा मर्यादेच्या काठावर थांबला. शिक्का बसला.

परत येताना बायकोच चालवत होती. घर उजवीकडे होतं; गाडी सरळ गेली. पुढे मोकळा रस्ता लागला तसा तिने पाय दाबला. शिट्टी वाजली, मागची चाकं रस्त्याला चिकटली आणि ग्रंथपालांची पाठ सीटला. मागे दोन्ही जावई पट्टा धरून बसले होते.

"वळताना किती हलकी आहे," बायको म्हणाली, "आणि सरळ रस्त्यावर बसते कशी घट्ट. तुम्ही दोघं उगाच भांडता."

सोमवारी साडेनऊला ग्रंथपाल वर्तमानपत्र घेऊन गेले तर गॅरेज रिकामं. बायको नऊलाच मैत्रिणींना घेऊन गेली होती. बराच वेळ ते ऑइलच्या डागाकडे बघत उभे राहिले आणि मग नाइलाजाने घरात जाऊन सोफ्यावर बसले. फोन तिच्याबरोबर गेला होता. मिक्सर थंड होता. तिसऱ्या पानावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय. मंगळवारीही आली. बुधवारी त्यांनी पाय वर घेतले.

रविवारी जावई आले ते माना खाली घालून. सासूबाई दोन्ही मुलींना घेऊन नुकत्याच गाडीतून फिरायला निघाल्या होत्या.

"बाबा, आमच्यामुळे तुमची बसायची जागा गेली," थोरले म्हणाले.

"आम्ही ठरवलंय," धाकटे म्हणाले. आम्ही हा शब्द या घरात नवीन होता. "टर्बो काढतो, चाकं बदलतो. होती तशी करून देतो."

ग्रंथपालांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि क्षणभर कानोसा घेतला. घरात काही म्हणजे काही वाजत नव्हतं.

"काही काढू नका," ते म्हणाले. मग दोघांना जवळ बोलावून त्यांनी आवाज आणखी उतरवला. "पेट्रोलची टाकी मोठी बसवता येते का हो?"