तंबूत शिरून बघा, वहिनी

आमचे धाकटे दीर भानुदास यांचं अणदुरात चांगलं स्लॅबचं घर आहे. वर पंखा, खाली फरशी. आणि ते झोपतात अंगणात, तंबूत. तंबूही एक नाही. मोबाइलवर मागवायचा, ठोकायचा, आत झोपून बघायचा, नावं ठेवायची आणि परत पाठवायचा. पार्सलवाला आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय जात नाही. येताना एक तंबू आणतो, जाताना आधीचा घेऊन जातो.

भावजींनी सगळी उमर बोअर मारायच्या गाडीवर काढली. गाडी कुठं कर्नाटकात जायची, कुठं बीडकडं. ज्या वावरात बोअर, त्याच वावरात गाडीखाली पोतं टाकून झोपायचं. महिनोन्‌महिने घरी येणं नाही. त्यामुळं त्यांच्या लेखी जगातल्या गोष्टींचे दोनच प्रकार. जमलं की ‘पाणी लागलं’, फसलं की ‘कोरडं गेलं’. पुतणीची सोयरीक जुळली तेव्हा पाणी लागलं. तिच्याच लग्नात आमटी खारट झाली, तेव्हा कोरडं गेलं. हे त्यांनी व्याह्यांच्या पंगतीत बसून मोठ्यानं सांगितलं.

बोअरच्या गाडीवरचं काम सुटल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आता मोटारसायकलवर बायकोला मागं बसवून हिंडायचं. लॉजवर उतरायचं नाही. आवडेल तिथं तंबू ठोकायचा, तिथंच चूल मांडायची. सुमन, म्हणजे माझी जाऊ, तेव्हा ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमी जावा. माजे गुडघे वाकत न्हायती."

"वाकाया लागू नये आसा तंबू आणतो."

"आना की."

तिला वाटलं, असा तंबू मिळायचा नाही. त्यांना वाटलं, मिळेल. "तिच्याबिगर म्या जात नसतो," असंही ते गावभर सांगून आले. त्याला आता दुसरं वर्ष लागलं.

सुमन तंबूकडं फिरकायची नाही, म्हणून मापाला मी. आम्ही दोघी जावा एकाच अंगाच्या, आणि गुडघे दोघींचेही गेलेले. "वहिनी, जरा शिरून बघा," असं म्हणत भावजी मला हातातलं काम टाकायला लावायचे. पहिल्या तंबूत मी रांगत शिरले आणि आतच अडकले. ना पुढं, ना मागं.

बाहेरून भावजी विचारतात, "कसं वाटतंय?"

"मढ्यावानी वाटतंय. वढा मला."

त्यांनी एक हात धरला, शेजारच्या गंगूबाईनं दुसरा. मी बाहेर पडून धापा टाकतेय आणि यांचा सवाल, "बसल्यावर डोस्कं वर टेकत हुतं का?" मी काय टेकत होतं ते सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या तंबूवर ‘दोन माणसांसाठी’ असं लिहिलेलं होतं. भावजींनी कंपनीला फोन लावला. पलीकडं कुणी पोरगी होती.

"दोन मंजी कोन्ती दोन, ताई? आमची बायको भरलेली हाय. म्या बी काय काडी न्हाय. तुमी मापाला कुनाला झोपवलं हुतं?"

पोरगीनं त्यांना तिघांचा घ्यायला सांगितलं. तिघांचा आला, तर त्याच्या काठ्या एवढ्या लांब की मागच्या सीटवर आडव्या बांधाव्या लागल्या. मग सुमननं बसायचं कुठं? कोरडा गेला.

एकदा त्यांना वाऱ्याची परीक्षा घ्यायची होती. द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर असतो, ट्रॅक्टरमागं लावायचा. तो मित्राकडून आणला. आमच्या अंगणात खाली मुरूम, खुंट्या वाकल्या पण आत गेल्या नाहीत. भावजींनी चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले आणि ब्लोअर सुरू केला. तंबू उठला, गंगूबाईच्या भिंतीवरून गेला आणि तुरीत पडला. आत माझी कोंबडी होती. ती चालत परत आली, पण आठ दिवस अंड्यावर बसली नाही. तो तंबू फाटला, म्हणून परत गेला नाही. आता माझ्या कडब्यावर टाकलाय. त्या कामाला चांगला आहे.

पांढऱ्या तंबूची तर तऱ्हाच झाली. तो दिसताच वस्तीवरच्या बायकांना वाटलं, फुकट तपासणीचं शिबिर लागलं. चौघी जणी जुन्या चिठ्ठ्या घेऊन ओळीनं बसल्या. दुसरा कुणी असता तर त्यांना घरी लावून दिलं असतं. भावजींनी एकेकीला आत पाठवलं. "बसा. उठा. आता भाईर या. कुटं दुकलं?" जाताना त्यातली एक मला म्हणाली, "डाक्टर चांगला हाय. आंगाला हात बी लावत न्हाय."

दिवाळीनंतर हिरवा तंबू आला. मी वाकून आत गेले, रांगायला लागलं नाही. आत पाट ठेवून बसले, डोकं टेकलं नाही. तो खुंट्यांशिवाय आपला आपण उभा राहायचा. घडी एवढी आखूड, की गाडीच्या बाजूला लटकवता येत होती. मी आत बसलेली असताना ब्लोअरपुढंसुद्धा तो हलला नाही.

मीच म्हणाले, "घ्या भावजी, लागलं पाणी."

भावजी आत जाऊन एका कडेला आडवे झाले. दाराकडं बघत पडून राहिले. मग उठले आणि तंबू मोडायला लागले.

"परत?" माझं डोकं फिरलं. "आवो, तंबू बघताय का सून? आता ह्येला काय धाड भरली?"

"दार एकच हाय."

"मग? घराला किती हायती?"

त्यांनी घराकडं बघितलं. आत सुमन भाकरी थापत होती. ते आवाज खाली करून म्हणाले, "दाराकडं म्या झोपनार, वहिनी. रानात इच्चूकाटा आसतू. ती आतल्या आंगाला. तिला रातचं दोन-तीनदा उटावं लागतं. मला वलांडून ती जायाची न्हाय, आन् मला उटवायची बी न्हाय. त्यापरीस सांजपासनं पानीच पेनार न्हाय."

या गोष्टी आम्ही बायका एकमेकींनासुद्धा सांगत नाही.

"तिनं सांगितलं तुमाला?"

"ती कशाला सांगंल? लग्नाला निगालो की बगतो न्हवं. आदल्या दिसापासनं घोट घेत न्हाय. मांडवात तिचं व्हट सुकल्यालं आसत्यात. गाडीवर हुतो तवा काय ठावं नव्हतं. आता घरी हाय, तर दिसतंय."

मला पोटात ठेवायची सवय नाही. मी तशीच चुलीकडं गेले आणि सुमनला जसंच्या तसं सांगितलं. ती लालबुंद झाली. "गावात दवंडी द्या म्हनावं आता!" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी जाळली.

मग दोन दारांचा आला. एक दार या अंगाला, एक त्या अंगाला. सुमन पिठाचे हात घेऊन बाहेर आली. दीड वर्षात पहिल्यांदा. आपल्या अंगाच्या दाराची चेन तिनं खाली केली, वर केली.

"वाजती की," ती म्हणाली.

भावजी पळत घरात गेले आणि मेणबत्ती आणून चेनीवर घासायला लागले.

परवा दुपार उतरल्यावर दोघं निघाली. एवढा खटाटोप करून गेली कुठं, तर नळदुर्गच्या अलीकडच्या तळ्यावर. भाकरी बांधून दिली असती तर गरम पोचली असती. सगळी गल्ली बघायला उभी होती. सुमन उशी टाकून मागं बसली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "अक्का, पानी द्या वाईच."

मी तांब्या भरून आणला. तिनं तो तोंडाला लावला आणि थांबत थांबत सगळा संपवला. भावजी खाली बसून तंबूची दोरी आवळत होते. ती आवळलेलीच होती.