साहेब मराठी बोलले

"आणि मग काय झालं, त्या तांब्यात मी वाकून बघते तर आत आपली साताऱ्याची आत्या बसलेली," सुलभा कॉफीचा पेला दामोदरपुढे ठेवत म्हणाली. "मी म्हटलं, आत्या, तांब्यात कशाला बसलात, पाटावर बसा. तर म्हणाल्या, इथं गार वाटतं."

"हूं," दामोदर म्हणाला.

बसवनगुडीतल्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रोज सकाळी साडेसहा ते सात हा सुलभाच्या स्वप्नाचा वेळ होता. तिला एकूण एक आठवे. स्वप्नात आमटी असली तर तिच्यात मीठ कमी होतं की जास्त, हेसुद्धा. दामोदर दाढी करता करता, बुटाचे बंद बांधता बांधता 'हूं' म्हणे. बेंगळुरात आल्यापासूनच्या दोन वर्षांच्या सरावाने त्याचे हूं इतके नेमक्या जागी पडत, की आपला नवरा कान देऊन ऐकतो असंच सुलभाला वाटे.

खरं म्हणजे त्याला बायकोच्या स्वप्नांची थोडी कीव येई. कारण दामोदरकडे निराळाच माल होता. स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असं त्याला कळत असे.

"तुझं हे आठवणं म्हणजे बस निघून गेल्यावर स्टॉपवर उभं राहून तिचा नंबर सांगणं," त्याने एकदा तिला समजावलं होतं. "मी बसमध्ये असतो. नुसता बसमध्ये नाही, ड्रायव्हरच्या जागेवर. मी म्हणेन तिकडे स्वप्न वळतं."

"मग वळवून नेता कुठं?"

यावर दामोदरने बांधलेला बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधला. कारण तो ते दरवेळी ऑफिसातच नेत असे.

दामोदर एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. दिवसभर वॉशर, बोल्ट आणि खिट्ट्यांची चित्रं काढायची आणि ती सेक्शनचे प्रमुख वी. राव यांच्या टेबलावर ठेवायची. रावसाहेब ती लाल पेन्सिलीने भरून परत पाठवत. इंग्रजीत दोन शब्द बोलत, तिसरा बोलत नसत. स्वप्नात मात्र हिशेब उलटा होता. हे स्वप्न आहे असं कळलं की दामोदरच्या अंगातून सुट्टीच्या सकाळसारखं काहीतरी गार वाहत जाई, भिंती लख्ख दिसायला लागत आणि आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही, याची पोटातून खात्री पटे. मग तो साहेबांच्या खुर्चीत बसे, त्यांची कॉफी पिई, लाल पेन्सिल मोडे आणि टेबलावर चढून खिडकीतून लालबागेच्या झाडांवर उडत जाई.

स्वप्न ओळखायचं कसं, याचीही त्याने पक्की खूण शोधली होती. चिमट्यावर त्याचा विश्वास नव्हता, कारण स्वप्नातला चिमटाही दुखतो, हे त्याने स्वतःला काढून पाहिलं होतं. खूण होती मराठी. ऑफिसात अकरा माणसं, कुणी कानडी, कुणी तमिळ, कुणी मल्याळी, एक मानसिंग पंजाबचा. मराठी कुणीच नाही. पण स्वप्नात ते सगळे अस्खलित मराठी बोलत. मानसिंग "काय दामोदरराव, झाली का झोप?" असं विचारायला लागला की दामोदर ओळखायचा, आणि निवांत उडायला लागायचा. दोन वर्षांत ही खूण एकदाही चुकली नव्हती.

उमेदवारीची ती दोन वर्षंही येत्या शनिवारी भरत होती. त्याआधी नोकरी कायम झाल्याचं पत्र रावसाहेबांच्या सहीने यायला हवं होतं. न आल्यास पुण्याला जाऊन सासऱ्यांच्या छत्र्यांच्या दुकानात बसायचं. सासऱ्यांनी जावयासाठी गल्ल्याशेजारी स्टूल आताच आणून ठेवलं होतं, आणि गेल्या पत्रात त्या स्टुलाला नवा रंग दिल्याचंही आवर्जून कळवलं होतं. आज गुरुवार उजाडला तरी साहेबांकडून काही हालचाल नव्हती.

"...आणि देवळात त्या म्हाताऱ्या भेटल्या, विठाबाई," सुलभा सांगत होती. "ऐकताय ना?"

"हूं," दामोदर म्हणाला, आणि बस पकडायला पळाला.

दुपारी पावणेतीनचा सुमार होता. डब्यातला दहीभात पोटात जाऊन बसला होता, वर पंखा कुरकुरत होता आणि दामोदर चौदावा वॉशर काढत होता. इतक्यात शिवाप्पा शिपायाने येऊन मानेनेच साहेबांच्या खोलीकडे खूण केली. दामोदर आत गेला. साहेबांनी स्वतः उठून दार लोटलं, दोनदा खाकरले आणि म्हणाले,

"या दामोदरराव. बसा की. जेवण झालं काय?"

दामोदर जागच्या जागी उभा राहिला. मराठी. आणि तीही वी. रावांच्या तोंडून. त्याने क्षणभर विचार केला आणि सगळा उलगडा झाला. दहीभात, पंखा, चौदावा वॉशर. ड्रॉइंग बोर्डावर डोकं टेकून आपला डोळा लागला, यात शंकाच नाही. अंगातून ती ओळखीची गार लहर गेली आणि दामोदर मनमुराद, खो खो हसला.

साहेबांचे कान लाल झाले. "हसा हसा. आमची मराठी अशीच हाय."

"छे हो, झकास आहे," दामोदर म्हणाला. "असणारच. माझ्याच डोक्यातून आलीय ना ती."

"काय?"

"काही नाही. बोला तुम्ही, मी आहे निवांत."

साहेबांनी जरा चाचरत एक फाइल पुढे ओढली. "ते तुमच्या नोकरीचं बोलायचं होतं. मी म्हटलं, चांगली गोष्ट आपल्या भाषेत सांगावी..."

"ते मागून. आधी उठा."

"काय म्हणालात?"

"खुर्चीतून उठा. तिथं मी बसत असतो."

माणूस अति चकित झाला की सांगितलेलं करतो. रावसाहेब उठले. दामोदर बसला, साहेबांची अर्धी राहिलेली कॉफी त्याने शांतपणे संपवली आणि तबकातली लाल पेन्सिल उचलून साहेबांच्या नाकापुढे धरली.

"परवा तुम्ही माझ्या वॉशरच्या भोकाभोवती हिने गोल काढलात. भोक गोलच होतं. गोलाभोवती गोल. यात सुधारणा काय झाली, एवढं सांगा."

"मध्यबिंदू स्वल्प डावीकडं होता," साहेब पुटपुटले.

"मध्यबिंदूचं मला सांगू नका. तुम्ही हिच्याशी लग्नच करायला हवं होतं." असं म्हणून दामोदरने पेन्सिलीचे दोन तुकडे केले, समाधानाचा सुस्कारा टाकला आणि बुटांसकट टेबलावर चढला.

"अहो, कुठं निघालात?"

"लालबागेत. खिडकी उघडता का जरा?"

दामोदरने दोन्ही हात पसरले आणि सावकाश हलवायला सुरुवात केली. पहिल्या दोन हातांत उड्डाण झालं नाही, पण असं कधी कधी होत असे. त्याने जोर वाढवला. खाली साहेब हात जोडून उभे होते.

"दामोदरराव, स्वल्प खाली उतरा. गाजू फुटंल."

दामोदरचे हात हवेतच थांबले. "काय फुटेल?"

"गाजू."

"गाजू म्हणजे?"

"काच हो. मेजावरची काच. आमच्यात गाजू म्हणतात."

दामोदरने उभ्या आयुष्यात हा शब्द ऐकला नव्हता. स्वल्प म्हणजे जरासं, हा कानडी शब्द त्याला ठाऊक होता, भाजीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे तो बोलत. पण गाजू? स्वप्नातली माणसं आजवर त्याच्याशी पुष्कळ बोलली होती, पण दामोदरला न येणारा शब्द त्यांतल्या एकानेही वापरला नव्हता. वापरणार कुठून? आपल्या डोक्यात जे नाही ते स्वप्नात येणार कसं, हा विचार त्याच्या मनात पुरा झाला आणि पायाखाली कट्ट असा आवाज आला. काचेच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ गेली. त्याने तोवर काढलेल्या कुठल्याही रेघेपेक्षा ती सरळ होती.

दामोदर खाली उतरला. पेन्सिलीचे दोन तुकडे त्याने जोडून तबकात ठेवले, खुर्ची सरळ केली, "थँक यू, सर" म्हणाला आणि बाहेर आला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून सुलभाने कॉफीत साखर जास्त घातली. त्याने सगळं सांगितलं. तिने पहिल्यांदाच त्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं.

"पण साहेब मराठी आहेत, हे मी सकाळी सांगितलं की तुम्हाला."

"सकाळी तू तांब्यातली आत्या सांगितलीस."

"आत्या स्वप्नातली. विठाबाई कालच्या, देवळातल्या. मध्ये मी स्पष्ट म्हणाले, 'बरं, आता खरं सांगते.' तुम्ही हूं म्हणालात."

दामोदरने डोळे मिटले.

"त्या विठाबाई तुमच्या साहेबांच्या आई," सुलभा म्हणाली. "साहेबांचं नाव व्यंकोजी. कितीतरी पिढ्यांपासून इथलीच माणसं, घरात मराठी. पण ऑफिसात बोलत नाहीत बिचारे. पुण्याची माणसं हसतात म्हणे त्यांच्या मराठीला. मीच विठाबाईंना म्हटलं, आमच्या ह्यांच्याशी बोलायला सांगा, हे नाही हसायचे." ती थांबली. "हसलात की काय?"

दामोदरला खरोखर वाईट वाटलं. काच फुटली याचं नाही, स्टुलाचंही नाही. एका माणसाने किती वर्षांनी धीर करून तोंड उघडलं आणि आपण त्याच्या तोंडावर हसलो, याचं.

शुक्रवारी सकाळी तो साहेबांच्या खोलीत गेला. टेबलावरची काच तशीच होती. भेगेवर साहेबांनी टिपकागद पसरला होता, पण दोन्ही टोकं बाहेर दिसत होती.

"साहेब, स्वल्प बोलायचं होतं," दामोदर म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "मराठीत का इंग्लिशमध्ये?"

"मराठीतच. दोन वर्षं इथं मला फक्त स्वप्नात मराठी ऐकू येते. म्हणून काल वाटलं, तेच चाललंय. तुमच्या मराठीला नाही हसलो मी, साहेब. ऐकून बरं वाटलं, म्हणून हसलो."

साहेबांनी टिपकागद सरकवून भेगेचं एक टोक झाकलं.

"काल जेवणानंतर माझाच डोळा लागला होता," ते म्हणाले. "काहीतरी विचित्र दिसलं. कुणीतरी मेजावर उभं राहून पंख हलवीत होतं. मला स्वप्नं आठवत नाहीत, आठवायची हौस पण नाही. आईला मात्र सांगू नका तुमच्या घरातून. मी हापिसात झोपतो असं वाटंल तिला."

मग त्यांनी खणातून टाइप केलेलं एक पत्र काढलं. दामोदरला कायम केल्याचं पत्र. ते त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, खिशातून नवी कोरी लाल पेन्सिल काढली आणि शेवटच्या पूर्णविरामाभोवती गोल केला.

"हा स्वल्प वर बसलाय. दुपारी नीट टाइप होऊन येईल, मग सही करतो. सरी?"

"सरी, साहेब," दामोदरनेही कानडीतच 'बरं' म्हटलं. हे स्वप्न नाही, याबद्दल त्याच्या मनात आता तिळभरही संशय नव्हता.

पत्र संध्याकाळी सहीसकट हातात पडलं. पुण्यातलं स्टूल सासऱ्यांनी मांजराला दिलं. रावसाहेब दामोदरशी रोज मराठीत बोलू लागले, आणि त्यांचं ऐकून मानसिंगही दोन-चार वाक्यं शिकला. सोमवारी बोर्डाशी वाकून तो म्हणाला, "काय दामोदरराव, झाली का झोप?" दामोदर दचकून उभाच राहिला.

दोन आठवड्यांनी सुलभा सकाळी कॉफी घेऊन आली.

"रात्री झोपेत तुम्ही तीनदा 'येस सर' म्हणालात. एकदा तर उठून नमस्कार केलात. स्वप्न होतं का?"

"काय सांगावं," दामोदर म्हणाला. "साहेब मराठी बोलत होते. म्हटलं, नमस्कार करून ठेवलेला बरा."