नवव्या भागातला म्हातारा

टीव्हीसमोर बसले की शीर्षकगीत संपायच्या आत रसिकला झोप लागे. एरवी याने कुणाचे काही बिघडत नाही. उलट असा नवरा घरात असला तर रिमोटवरून भांडणे होत नाहीत. पण रसिक एका दैनिकात दर रविवारी 'काय पाहाल?' हे सदर लिहीत असे. कोणती मालिका पाहण्याजोगी, कलेवरचा कोणता माहितीपट चुकवू नये, हे सगळे शहर त्याच्याकडून समजून घेई. कचेरीत त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. शिपायापासून संपादकांपर्यंत सगळ्यांचा तो 'रसिक'च होता. ही अब्रू त्याला फार प्यारी होती. आपण काहीच पाहत नाही हे कुणाला कळू नये, एवढी एकच धास्ती त्याच्या पोटात होती.

सदर चाले ते बायकोच्या जिवावर. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता सगळे पाही आणि जेवताना सगळे सांगे. रसिक तिच्या बोलण्याला कोट-टोपी चढवून छापायला देई. एका शिल्पकारावरचा माहितीपट पाहून ती म्हणाली होती, "जन्मभर दगड फोडत बसला मेला, पण बायकोनं मागितलेली एक फळी काही भिंतीला ठोकून दिली नाही." रविवारी छापून आले, 'कलावंताच्या गृहस्थजीवनातील रितेपणाचे इतके मूक आणि मर्मभेदी चित्रण क्वचितच पाहायला मिळते.' दोन प्राध्यापकांनी मुद्दाम फोन करून अभिनंदन केले.

बायकोच्या सांगण्यात एक खोड होती. पात्रांची नावे तिच्या लक्षात राहत नसत. 'ती थोरली', 'तो चष्मेवाला', 'तो म्हातारा' एवढ्यावर ती भागवी. आणि बोलता बोलता मालिकेतून नात्यागोत्यात ती कधी शिरे, ते तिचे तिलाच कळत नसे.

त्या दिवशी 'अर्धा जिना' या नव्या मालिकेवर बोलणे चालले होते. दोन भावांनी घर मधोमध वाटून घेतले होते, जिनासुद्धा अर्धा अर्धा.

"थोरली धाकटीला जिन्याच्या आपल्या बाजूला पाऊल ठेवू देत नाही," बायको सांगत होती. "धाकटी पण काही कमी नाही, रेलिंगच कापायला निघाली! आणि तो म्हातारा! रोज सकाळी फिरायला जातो म्हणून बूट घालून निघतो. येतो तेव्हा घाम नाही की धाप नाही. बायकोला आला संशय. गेली मागे मागे. बघते तर काय, हा आपल्या जुन्या कचेरीसमोरच्या बाकावर बसलेला. आत जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत! रिटायर होऊन वर्ष झालं माणसाला. तिनं हाक पण नाही मारली, तशीच परत आली. मला तर बाई ऐकूनच भरून आलं."

भरून रसिकलाही आले. हिला 'बघून' न येता 'ऐकून' कसे भरून आले, हा प्रश्न एखाद्या जाग्या माणसाला पडला असता. रसिकने हात धुतले आणि लिहायला बसला. 'जुन्या कचेरीसमोर बाकावर बसणाऱ्या त्या वृद्धाचा प्रसंग म्हणजे या मालिकेचा आत्मा. केवळ त्यासाठी ही मालिका पाहा.'

रविवारी सकाळी बायको पेपर घेऊन न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिली.

"अहो, बाहेर या आधी! हे काय छापलंत?"

"का? छान जमलंय की."

"डोंबल जमलंय! अहो, तो म्हातारा मालिकेतला नाही. ते आपले भावोजी! ताईनं फोनवर शपथ घालून सांगितलं होतं मला. भावोजींना अजून पत्ता नाही, की ताईला कळलंय म्हणून."

भावोजी म्हणजे रसिकचे थोरले साडू. पोस्टमास्तर होते, आणि निवृत्त झाले तरी घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांच्या वाचनात चारच गोष्टी होत्या : हवामान, निधनवार्ता, शब्दकोडे आणि साडूचे सदर.

ताईचा फोन यायला वेळ लागला नाही. बायकोने दडपून सांगितले, "अगं, योगायोग! मालिकेत तसंच आहे अगदी." ताई म्हणाली, बघते. आणि खरोखरच बघायला बसली. इकडे कचेरीत संपादकांनी रसिकला आत बोलावले.

"रसिक, आमच्या घरात आतापर्यंतचे सगळे भाग पाहून झाले. म्हातारा कुठंय?"

"आहे की, साहेब."

"त्या भावांचे वडील पहिल्याच भागात वारले. म्हणून तर वाटणी झाली. दुसरा म्हातारा त्या मालिकेत नाही. वाचक विचारतायत. मी काय सांगू त्यांना?"

बुडत्याला काडीचा आधार. "तो प्रसंग पुढं येतो, साहेब," तो म्हणाला. "वडिलांची आठवण म्हणून. नवव्या भागात. आम्हा परीक्षकांना आधी दाखवतात."

संपादक खूश झाले. इतके, की त्यांनी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट टाकली, 'बाकावरचा म्हातारा नवव्या भागात! फक्त आमच्या वाचकांना आधी माहीत.' मग काय विचारता! ज्यांनी मालिका पाहिली नव्हती त्यांनीही लावली. केशकर्तनालयात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये, जो तो म्हाताऱ्याची वाट पाहू लागला. आणि एका दुपारी रसिकला फोन आला.

"नमस्कार. मी 'अर्धा जिना'चा लेखक. बाकावरचा म्हातारा मी लिहिलेला नाही."

रसिकने फोन कानाशी घट्ट दाबला आणि आजूबाजूला पाहिले.

"घाबरू नका. निर्माते म्हणतात, लोक वाट बघतायत तर म्हातारा हवाच. फक्त तो बाकावर बसून करतो काय, तेवढं सांगा. सुचत नाहीये मला. नाहीतर असा प्रसंगच नाही म्हणून आम्हाला खुलासा करावा लागेल."

"उद्या सांगतो," रसिक म्हणाला. जुनी कचेरी कुठे आहे, हे त्याला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोस्टासमोर पोचला. मास्तर होते. पांढरे बूट, गुडघ्यावर हात, नजर समोर. त्याला पाहून ते दचकले, मग बाजूला सरकले.

"दमलो होतो. टेकलो जरा," मास्तर म्हणाले.

"मी पण," रसिक म्हणाला आणि शेजारी बसला.

मग मास्तरांना राहवेना. "ती बघ, पार्सलची खिडकी. अजून उघडली नाही. आणि तो नवा कारकून शिक्का मारतो कसा, बघितलंस? माशी मारल्यासारखा! शिक्का दाबायचा असतो." समोरची रांग पुढे सरकली, तसे मास्तरही बाकावर पुढे सरकले. "वॉचमन चहा पाजतो, मग जातो मी. काही वाईट नाही इथं. बरं वाटतं." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "तुझ्या मालिकेतला तो म्हातारा. वाचलं मी. मला वाटायचं, असा वेडा मी एकटाच. काय रे, त्याच्या बायकोला कळतं का?"

रसिकला एकदम वाटले, सगळे सांगून मोकळे व्हावे. पण सांगायचे म्हणजे सदरावर पाणी सोडायचे. "कळतं," तो म्हणाला. "पण ती बोलत नाही."

"शहाणी दिसते," मास्तर म्हणाले. "नववा भाग आमच्याकडे बघू. परीक्षकाच्या शेजारी बसून बघायचाय मला."

रसिकने लेखकाला खिडकी, शिक्का, रांग, चहा, सगळे बारकाव्यांनिशी सांगितले. लेखक म्हणाला, "वा! जिवंत आहे."

नवव्या भागाला चौघे ताईकडे जमले. ताई कोपऱ्यात दाराजवळ बसली, म्हणजे वेळ आली तर उठून जाता येईल. बायकोने रसिकच्या दंडाला हात लावून ठेवला होता; डोळा मिटला की चिमटा. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच रसिकने एक अख्खा भाग पाहिला.

भावांच्या आठवणीतून म्हातारा आला. गळ्यात रेशमी मफलर. बाकावर झाडाची पिवळी पाने पडत होती आणि व्हायोलिन नुसते आक्रोश करत होते. खिडकी नाही, शिक्का नाही, रांग नाही. म्हाताऱ्याने आभाळाकडे पाहिले, एक अश्रू गाळला, मान टाकली आणि तिथेच प्राण सोडला.

"अरे!" मास्तर ताडकन उठले. "हा मेला कशाला?"

"मास्तर, मालिका आहे ती," रसिक म्हणाला.

"मालिका असली म्हणून काय झालं? तिथं झाड कुठलं आलं? भर उन्हात बाक आहे! आणि रडायला काय धाड भरलीय याला? माणूस मजेत बसतो, वॉचमनचा चहा पितो, घरी येतो. वर्ष झालं मी रोज तिथं बसतोय, एकदा तरी..."

मास्तर थांबले. व्हायोलिन चालूच होते. मास्तर खाली बसले आणि स्वतःच्या बुटांकडे पाहू लागले.

ताई दाराकडे गेलीच नाही. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "उद्यापासून टोपी घालून जात जा. डोकं तापतं तुमचं, आणि मग दिवसभर घरात चिडचिड करता."

"तुला... तुला कुणी सांगितलं?"

बायको पदराशी चाळा करू लागली आणि रसिक छताकडे पाहू लागला.

"कुणी कशाला सांगायला हवं? पेपरात आलंय," ताई म्हणाली आणि टोपी शोधायला आत गेली. तिचा आवाज आतून आला, "आणि त्या वॉचमनला रोज फुकट चहा मागत जाऊ नका. मी थर्मास देते."

मास्तरांनी घसा खाकरला. डोळे पुसायला रुमाल काढला आणि नाक शिंकरून परत ठेवला. मग सगळा राग रसिककडे वळवला. "तू परीक्षक ना? झोडपून काढ यांना. खोटं आहे सगळं, असं लिही!"

रसिकने लिहिले. या वेळी बायकोला विचारले नाही, कोट नाही, टोपी नाही. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते साध्या शब्दांत लिहिले : मफलर खोटा, झाड खोटे, मरण तर साफ खोटे. असा माणूस बाकावर मरायला जात नाही, बरे वाटते म्हणून जातो. आपल्याला लिहिता येते, असे त्याला त्या दिवशी प्रथमच वाटले.

संपादकांनी लेख वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रसिक, आमच्या घरी त्या प्रसंगाला सगळे ढसाढसा रडलो. सबंध शहर रडलं. आणि तू हे काय लिहिलंयस?" त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. "राग मानू नकोस. इतकी वर्षं तुझं सदर छापतोय मी, म्हणून मला लगेच कळतं. या खेपेला तू न बघताच लिहिलंयस."