बुधवारची घडी

भिंतींना लावायचा चुना आमच्या थोरल्या दिरांनी मक्यात घालून शिजवला, तो वार बुधवार होता. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्यांनी लेक लढाईवरून डोकं गमावून आला असं समजून तिथल्या तिथं मारुतीला नारळ बोलला. एका दिवसाचं खूळ आहे, उद्या उतरेल, असं मला वाटलं. पुढं दर बुधवारी तो चुन्याचा मका चोळून चोळून धुवायचा आणि पाट्यावर वाटायचा, हे काम माझ्या गळ्यात पडलं. वरवंटा दिसला तरी खांदा आपोआप दुखायला लागे.

भाऊजींचं नाव दत्तोबा. पलटणीत ते लांगरी होते, म्हणजे स्वयंपाकी. उंब्रजच्या बाजारात लोक त्यांना मानानं हवालदार म्हणत आणि ते दर वेळी दुरुस्ती करत, "हवालदार न्हाई गड्या, लांगरी." लढाईत ते इटलीपर्यंत गेले. तिथं अमेरिकन फौजेतल्या एका मेक्सिकोकडच्या शिपायाशी त्यांची गट्टी जमली. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, पण तो "आपल्यावाणीच काळा आन मिरची चावून खाणारा" होता, तेवढ्यावर भागलं. त्यानं हातवारे करून आपल्या आईची रीत शिकवली. मका चुन्याच्या निवळीत शिजवायचा, वाटायचा, तळहाताएवढ्या पातळ भाकऱ्या करायच्या, त्यात कालवण भरायचं आणि घडी घालून हातात धरून खायचं. त्याचं नाव टाको. त्यानं तो पहिल्यांदा बुधवारी खाऊ घातला होता, म्हणून आमच्याकडंही बुधवारच.

माझं माहेर माधवनगरचं. वडील गिरणीत होते, मी सातवी शिकलेली, मला नवं काही चालत नाही असं नव्हतं. पण भाकरी ताटात घ्यावी, मोडावी, कालवणात बुडवून खावी, हे सरळ काम सोडून एका मोठ्या भाकरीच्या जागी पाच चिमुकल्या थापायच्या, यात मला कुठलाच शहाणपणा दिसत नव्हता. त्यात रेशनवरचा मका, अमेरिकेहून आलेला, पिवळा आणि टणक. गाव तो नाक मुरडून गुरांपुढं ओतायचं. भाऊजी आमच्या वाट्याचा तर आणतच, वर शेजाऱ्यांचाही मागून आणत.

नियम पलटणीचे. ताटं नाहीत. मधे वाडगी, भोवती सगळ्यांनी गोल बसायचं, कुणी कुणाला वाढायचं नाही, ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरून घ्यायचं. कुणी घास धरताना हात तिरपा केला, कालवण सांडलं, की भाऊजी ओरडत, "मान वाकवा, भाकरी न्हाई!" माझे यजमान स्वभावानं गरीब. थोरल्या भावापुढं ते मान वाकडी करून जेवत आणि गुरुवारी दिवसभर मानेला तेल चोळत.

खरी अडचण माझी. थोरल्या दिरासमोर बसून जेवायचं, हे आमच्यात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. आत्याबाईंनी साफ नाही म्हटलं. भाऊजींनी दोन बुधवार कालवण निवू दिलं, पण गोल पुरा झाल्याशिवाय भाकरीला हात लावला नाही. शेवटी तोड निघाली. ते माझ्याकडं पाठ करून बसत आणि मी त्यांच्या पाठीमागं, गोलाच्या जरा बाहेर. वाडग्यापर्यंत हात पोचायचा नाही. यजमान माझी भाकरी भरून मागं सरकवत, की भाऊजी न वळता म्हणत, "ज्येनं त्येनं भरायचं."

हा सगळा खटाटोप हौसावन्संसाठी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हौसा भाऊजींची धाकटी बहीण. तिला लहानपणीच कवठे महांकाळकडं दिली होती. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला गाठोड्यासकट परत पाठवली. तेव्हापासून ती सगळ्यांचं झाल्यावर, चुलीमागं बसून, भांड्याच्या तळाला जे राहील ते खायची. काय करू तुमच्यासाठी म्हणून विचारलं तर ठरलेलं उत्तर, "कायबी चालंल." भाऊजी लढाईवरून आले तेव्हा तिला बघून ओसरीवरच थबकले. ती वाळून काडी झाली होती. हौसा सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवावी, एवढा एकच त्यांचा हट्ट होता.

ती बसायला लागली, आणि तिसऱ्या का चौथ्या बुधवारी घात झाला. शेजारची एक बाई विस्तव मागायला दारात आली. टाको हे नाव एव्हाना गावभर झालं होतं. तिनं हौसाकडं बघत हसून विचारलं, "आज काय टाकलंय म्हणायचं तुमच्यात?" आमच्याकडं नवऱ्यानं सोडलेल्या बाईला टाकलेली म्हणतात. वन्संसमोर आम्ही तो शब्द कधी आणला नव्हता. केर टाक असंसुद्धा म्हणत नव्हतो, केर भरून ने म्हणायचो. हौसानं हातातली भाकरी खाली ठेवली आणि गोठ्यात निघून गेली.

पुढच्या बुधवारी भाऊजींनी सकाळीच जाहीर केलं, "आज घडी हाय." यजमान म्हणाले, म्हणजे टाकोच ना? भाऊजींनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकतायत. इटलीतल्या गावांची नावं कुणी चुकीची उच्चारली तर भर बाजारात थांबवून घोकून घेणारा हा माणूस. त्यानं आपल्या दोस्ताचा शब्द सोडून दिला आणि पुन्हा कधी तोंडातून काढला नाही.

पण मग प्रकार वाढले. आधी नुसता वाघ्या घेवडा असायचा. त्यात वांग्याचं भरीत आलं. मग सुकट, मग अंडी, मग मेथी, मग मटण, मग चिंचेत कालवलेला कांदा. भाऊजी स्वतःही राबत, नाही असं नाही, पण वाटणं आणि थापणं माझ्याकडं. आणि एवढं करून हौसा काय खायची? जवळच्या वाडग्यातलं जे हाताला लागेल ते, एक घडी. मग म्हणायची, "बास झालं." पुढच्या बुधवारी वाडगं आणखी एक.

एकदा सकाळी मी मका धुवायला बसले आणि हात उचलेना. भाऊजी परड्यात घेवडा निवडत होते. मी त्यांच्याशी थेट कधी बोलले नव्हते, त्या दिवशी पदर पुढं ओढून बोलले. म्हटलं, "भाऊजी, वन्सं एकच खातात. मग एवढे प्रकार कशापायी?"

ते घेवड्याकडंच बघत म्हणाले, "पलटणीत चारशे माणसं जेवायची. कुणाला काय आवडतंय, मला पाठ हुतं. घरी आलो आन ध्यानात आलं, हौसाला काय आवडतंय, मला ठावं न्हाई. आईला इचारलं, तिलाबी ठावं न्हाई. म्हणून आपल्या हातानं काय उचलतीया, त्ये बघतुया."

निवडता निवडता तेच पुढं म्हणाले, "तुझी जाऊबाई मी तिकडं असताना गेली. तिला काय आवडत हुतं, त्ये तर आता कवाच कळायचं न्हाई."

मी मका धुवायला घेतला. त्या घरात मी सून होऊन आले त्याला वर्षं झाली होती, जाऊबाईंच्या हाताखाली मी स्वयंपाक शिकले होते, आणि मलाही ते सांगता आलं नाही.

दिवे लागल्यावर सगळे बसलो. सात वाडगी होती. हौसानं जवळच्या मेथीची एक घडी खाल्ली. दुसरी भाकरी तिनं हातात घेतली, पण भरली काहीच नाही. भाऊजी घास चावायचे थांबले. हौसानं सगळ्या वाडग्यांवरून नजर फिरवली, खाली बघितलं, आणि मला अगदी हळू विचारलं, "वैनी, गूळ हाय का वं?"

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, घडीत कुठं गूळ घालत्यात? इटलीत घालत्यात का, इचार दादाला."

"घालत्यात," भाऊजी म्हणाले. "लय घालत्यात."

मी उठायच्या आत ते उठले. आतल्या खोलीतल्या फडताळात आपटाआपट ऐकू आली. बाहेर आले ते खडा घेऊन नाही, अख्खी ढेप उचलून घेऊन. ती त्यांनी वाडग्यांच्या मधोमध ठेवली आणि मुठीनं फोडायला लागले. हौसानं एक तुकडा भाकरीत घातला, घडी केली, खाल्ली. मग दुसरी. तिसरीला भाकरी संपल्या. तिनं रिकाम्या टोपलीत बघितलं आणि माझ्याकडं बघितलं, "कायबी चालंल" काही म्हणाली नाही.

माझे खांदे भरून आले होते आणि मला रडू येत होतं. मी उठले, तवा पुन्हा चुलीवर ठेवला आणि पिठात हात घातला.