बाजूच्या भोकासाठी मशीन निवडताना

कोणतंही मोठं मशीन विकत घेताना ते काय काम करतं हा प्रश्न दुय्यम असतो. ते फसलं तर बोल कोणाला लावायचा, हे आधी ठरवावं लागतं. ज्यांनी हा क्रम उलटा केला त्यांचे कारखाने बुडाले. (त्यांच्याकडची मशीनं उत्तम होती, असं सांगतात.)

दादांच्या शेडमध्ये हा क्रम कधीच चुकला नव्हता. शेड वडिलांच्या वेळची, आणि तिच्यातलं निम्मं काम म्हणजे एकच वस्तू: पाण्याच्या पंपात बसणारा गोल पितळी तुकडा. या तुकड्याला बाजूने एक आडवं भोक असे. गोल वस्तूला भोक पाडायचं तर शहाणा माणूस बरोबर मधून पाडेल. हे भोक मात्र मध्य सोडून, नखभर सरकवून पाडायचं होतं. का, ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नव्हतं, आणि जे ड्रॉइंगवर नाही ते गिऱ्हाइकाला विचारणं म्हणजे आपल्याला काही कळत नाही हे लेखी देण्यासारखं असतं.

तर तुकडा आधी लेथवर घडे, मग तिथून काढून मिलिंग मशीनवर पुन्हा पकडला जाई आणि तिथे भोक पडे. या काढघालीत भोक आपल्या मर्जीने इकडेतिकडे जाई. वर्षानुवर्षं ते चालून गेलं. मग पंप कंपनीत एक नवा साहेब आला, त्याने मोजायला सुरुवात केली, आणि माल परत येऊ लागला. शेवटी निरोप आला: पुढचा माल एकाच सेटिंगमध्ये, तुकडा मशीनवरून न काढता करून द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

दादा हादरले. निम्मं काम गेलं म्हणजे निम्मी माणसं घरी बसवायची, आणि ती सगळी वडिलांनी ठेवलेली. दुपारी सगळे डबा खायला बसले की दादांना तिकडे बघवत नसे. ते उगाचच बाहेर जाऊन फोन कानाला लावून उभे राहत.

घडवणं आणि मध्य सोडून भोक पाडणं अशी दोन्ही कामं तुकडा न काढता करणारं सीएनसी टर्निंग सेंटर घ्यायचं ठरलं. त्यासाठी घरातच निवड समिती नेमली गेली. दादा अध्यक्ष. धाकटा भाऊ सदस्य, कारण त्याला घेतलं नसतं तर तो रुसला असता. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, सदस्य, कारण कर्जाच्या कागदावर त्यांची सही लागणार होती. आणि मोठ्या ताईंचे यजमान, भावोजी, हे तज्ज्ञ. भावोजींनी एकदा यंत्रांचं प्रदर्शन पाहिलं होतं आणि तिथून सात कापडी पिशव्या आणल्या होत्या.

समितीने अत्यंत शास्त्रशुद्ध गुणपद्धत तयार केली. शंभरपैकी वीस गुण रंगाला. ("पांढरं नको बाई, हात लागले की दिसतात," असं वहिनींचं तांत्रिक मत पडलं.) पंचवीस गुण स्क्रीनच्या आकाराला, हे धाकट्याचं खातं. तीस गुण दाराला. चांगल्या मशीनचं दार लावताना धप्प असा भरीव आवाज आला पाहिजे यावर समितीचं दुर्मीळ एकमत झालं. उरलेले पंचवीस भावोजींना. भावोजींच्या मताला नव्हे, भावोजींना. घरच्या जावयाच्या मताला गुण देणं बरं दिसलं नसतं.

सेल्समन आले, चकचकीत पुस्तिका ठेवून गेले. त्यांतला एक फार गोड बोलायचा. त्याने मशीनचं दार सोळा वेळा उघडून लावून दाखवलं आणि म्हणाला, "आणि मिलिंगसुद्धा करतं बरं का, दादा. सगळं आतल्या आत."

आता इथे एकच प्रश्न विचारायचा होता: मध्य सोडून करतं का? दादांच्या तो अगदी ओठांवर आला होता. पण अध्यक्षाने साधा प्रश्न विचारला तर सदस्यांचा अध्यक्षावरचा विश्वास उडतो. शिवाय धाकट्याने विचारलंच असेल. धाकट्याला वाटलं, दादांनी विचारलं असणार. मध्ये तोंड घातलं तर "तू गप्प बस रे" ऐकावं लागेल. भावोजी तज्ज्ञ, त्यांनी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पुस्तिका उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "हं." हे "हं" इतकं वजनदार होतं की समितीने मशीन जवळजवळ तिथेच पक्कं केलं.

तरी खबरदारी म्हणून दादा शेजारच्या शेडवाल्याकडे गेले. त्याने अगदी हेच मशीन घेतलं होतं.

"कसंय?"

"घ्या डोळे झाकून!"

"तुम्ही कशावरून घेतलंत?"

"अहो, तुम्ही बघताय असं कानावर आलं. तुम्ही एवढा विचार करणारी माणसं, चुकीचं कसं बघाल? म्हटलं, आपणही घेऊन टाकू."

दादा निर्धास्त होऊन घरी आले. दोन स्वतंत्र ठिकाणांहून एकच निष्कर्ष निघणं याला शास्त्रात फार महत्त्व आहे.

मशीन आलं. रंग सुंदर होता, दार लावलं की धप्प होत होतं. पहिला तुकडा निघाला आणि सगळी शेड गोळा झाली. भोक बरोबर मधोमध होतं. दुसरा काढला, तेही मधोमध. इतकं मधोमध भोक त्या शेडने कधी पाहिलं नव्हतं.

"ते जरा बाजूला घ्या ना," दादा कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला म्हणाले.

"बाजूला जाणार नाही साहेब. त्याला वाय अॅक्सिस लागतो. याचं टूल मधल्या रेषेच्या वर-खाली सरकतच नाही."

"पण मिलिंग करतं म्हणाला होतात!"

"करतं की. मधोमध करतं."

"मग तो वाय अॅक्सिस बसवून द्या."

"तो मागाहून बसत नाही. ते मॉडेलच वेगळं. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्या दिवशी घरी कोणी कोणाला एक शब्दही बोललं नाही. निवडपद्धतीचं याहून मोठं यश कोणतं? बोल लावायला खरोखरच कोणी सापडत नव्हतं. दादांना मात्र जेवण जाईना. उद्या कोणाला सांगायचं, "तू येऊ नकोस"? सगळ्यांत नव्याला की सगळ्यांत म्हाताऱ्याला?

शेवटी ते मधोमध भोकाचा तुकडा खिशात टाकून पंप कंपनीत गेले, मुदत मागायला. डिझाइन विभागातल्या बाईंनी तुकडा हातात घेतला आणि त्यांची उत्सुकता चाळवली. समोरच चाचणीचा पंप होता, त्यात त्यांनी तो बसवला. पंप सुरू झाला आणि दोघंही बघत राहिले. आवाजच नाही. कंपनीच्या प्रत्येक पंपाला सुरू झाल्यापासून एक टक-टक असते, ती गायब!

"मग भोक बाजूला का ठेवलंय हो?" दादांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

बाईंनी जुनं ड्रॉइंग काढलं. ते एका नमुन्यावरून मापं घेऊन केलेलं होतं. नमुना दादांच्या वडिलांनी पहिल्यांदा करून दिलेला. भोक चुकून सरकलं होतं. कंपनीला वाटलं, एवढा अनुभवी कारागीर, काही कारण असेल. वडिलांना पुढे ड्रॉइंग आलं तेव्हा वाटलं, एवढी मोठी कंपनी, काही कारण असेल.

दादांना आनंदाने ओरडावंसं वाटलं. ड्रॉइंग बदललं की मशीन बरोबर, काम शाबूत, माणसं शाबूत! पण बदलाचं कारण काय लिहायचं? वडिलांची चूक म्हणून? तिकडे बाईंचाही चेहरा उतरला होता. त्या ड्रॉइंगवर सही केलेले गृहस्थ आता कंपनीचे मुख्य होते, आणि चूक झाली म्हटलं की आजवर विकलेल्या प्रत्येक पंपाचं काय, असं कोणीतरी विचारलं असतं.

"काहीतरी कारण असेलच म्हणा," बाई हळूच म्हणाल्या.

"असेलच," दादा म्हणाले. वडिलांना वाचवल्याचं समाधान वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

बाईंनी एकाच सेटिंगची अट मागे घेतली. (कारण: 'गुणवत्तेच्या दृष्टीने'.) भोक किती सरकलेलं चालेल याची मर्यादाही वाढवली. साहेबाने दुसरीकडे बघून पाहिलं, पण दादा विचार करणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत सगळ्यांनी तेच, मधोमधच भोक पाडणारं मशीन घेतलं होतं. आता नव्या मशीनवर तुकडा घडतो आणि जुन्यावर जाऊन वाकडा होतो. सगळी माणसं कामावर आहेत. दादा त्यांच्यातच बसून डबा खातात.

आणि पंप? तो तुमच्याच इमारतीत आहे. रोज सकाळी टाकीत पाणी चढायला लागलं की भिंतीतून टक-टक ऐकू येते, तोच. किती वर्षं ऐकताय? कधी खाली जाऊन विचारलंत? नाही. समोरच्यांनी विचारलं असेल, काहीतरी कारण असेल, असं म्हणून तुम्ही कूस बदलता. समोरचेही तुमच्याच भरवशावर झोपलेले आहेत.