कमिटीकाकांचं सभागृह

कमिटीकाकांकडे एक सायकल होती आणि तिच्यावर बसलेलं त्यांना बोरीत कुणीही पाहिलेलं नव्हतं. रोज सकाळी ते ती बाहेर काढायचे, सीट पुसायचे, घंटी एकदा वाजवून बघायचे आणि हँडल धरून तिच्या शेजारून चालत एसटी स्टँडवर जायचे. येतानाही तसेच. कुणी विचारलंच, "काका, हवा न्हाई का चाकात?" तर म्हणायचे, "हवा हाय. सायकलीचे नवे नियम निघालेत म्हणं. वाचल्याबिगर बसायचं न्हाई."

त्यांचं खरं नाव दिगंबरराव. मी त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होते, म्हणून ते मला माहीत. गावाला ते कमिटीकाका म्हणूनच ठाऊक. आधी हैदराबादच्या विधानसभेत कारकून होते, ते राज्य मोडल्यावर मुंबईला गेले. तिथे आमदारांची एक समिती होती, सगळ्या खात्यांनी केलेले नवे नियम तपासणारी. काकांची उमर त्या समितीच्या कचेरीत गेली. बारीक छपाई वाचून वाचून डोळे अधू झाले, तेव्हा लवकर पेन्शन घेऊन गावी आले. लग्न केलेलं नव्हतं. सोबतीला एक भिंग, एक ट्रान्झिस्टर, ती सायकल आणि डाकेनं येणारं शासनाचं राजपत्र.

समिती काय करते, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "बाई, कायदा करतं सभागृह. त्या झाल्या भिंती. दारं-खिडक्या बसवायचं काम खात्यावर सोडतेत, त्याला म्हणायचं नियम. अन् खातं कवा कवा दाराला भायेरून कडी बसवतं. ती कडी धुंडायचं काम आमच्या कमिटीचं."

"मग सापडायच्या का कड्या?"

"सापडायच्या की. पण गठ्ठे लय यायचे. आरोग्य, महसूल, शेती, सगळ्याच खात्यांचे. समदे कुठं वाचून व्हायलेत?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "जे आमच्याकडून वाचायचे राहिले, ते नियम मोकळे फिरायलेत, बाई. कुठं गाठतील, भरोसा न्हाई."

गावाबाहेरच्या वडावर कुणी असल्याचं सांगावं, तशा सुरात त्यांनी ते सांगितलं. मला हसू आवरेना. तेव्हा हसता येत होतं.

मला खोली मिळाली त्याचीही गंमतच. माझे यजमान काविळीनं गेले आणि बोरीच्या शाळेत मला तात्पुरती नोकरी लागली. पदरात मिलिंद आणि वैशाली. आम्ही बौद्ध. खोली विचारली की कुणाचे पाहुणे यायचे असत, कुणाच्या घरात देव्हारा आडवा येई. काकांनी मात्र दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात सायकल धरून उभे. "बाई, तुमाला खोली देऊ नये असा नियम कुठंच सापडंना. मी समदं बघितलं. सामान आणा." रागवावं की पाया पडावं, ते मला कळलं नाही. मी सामान आणलं.

अंगणात पेरूचं झाड होतं. एका सकाळी झाडाला पाटी टांगलेली दिसली: 'कच्चा पेरू तोडू नये. हा नियम सभागृहापुढे ठेवला आहे.' सभागृह म्हणजे माझी दोन पोरं. काकांनी त्यांना पायरीवर बसवलं, पाटी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "हरकत?" वैशाली तेव्हा पाच वर्षांची. तिनं विचारलं, "खाली पडल्याला कच्चा चालतो का?" काकांनी गंभीरपणे विचार केला आणि तशी दुरुस्ती पाटीवर लिहिली.

तेवढ्यात मला मिलिंदच्या दप्तरात कच्चे पेरू दिसले. मी हात उगारला, तर काका मध्ये आले. "थांबा! ते कालचे हायत. कालच्या पेरूला आजचा नियम लावायचा न्हाई. त्याला पूर्वलक्षी प्रभाव म्हंतेत. पूर्वलक्षी प्रभाव म्हंजे दरोडा, बाई." दुसरी गोष्ट त्यांच्या डोक्यात तिडीक आणायची, ती म्हणजे आधी नियम लागू करून मग सभागृहापुढे ठेवणं. "आधी मारायचं, मग इचारायचं, लागलं का? ही कुठली रीत?"

मग आणीबाणी आली.

काकांचं बोलणं बंद झालं नाही, कुजबुजीवर आलं. ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्या की ते आधी गल्लीत डोकावून बघत, खिडकी लावून घेत आणि मग निवेदकाच्या तोंडावर हळूच हरकत घेत. "कोणत्या कायद्याखाली? कोणत्या कलमाखाली?" निवेदक पुढे वाचत राही. मी स्वयंपाक करता करता म्हणायची, "काका, भिंतीला कान असतात." ते दचकून खरंच भिंतीकडे बघायचे. त्यांची ती भीती बघून आधी करमणूक व्हायची. पुढे ती मलाही लागली.

नसबंदीच्या जीपा फिरायला लागल्या. धुरळा दिसला की बाजारातून माणसं उठून तुरीच्या शेतात शिरायची. एका बाजाराला मी गेले तर भाजी मांडलेली आणि विकणारं कुणी नाही. आम्हा मास्तर-बाईंना बघूनही लोक वाट बदलू लागले, कारण केसेस, म्हणजे नसबंदीला माणसं, आणायचं काम आमच्यावर टाकलेलं. हेडमास्तरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, शाळेतच कँप आहे, कँपापर्यंत प्रत्येकानं एक केस आणायची. जे कायम आहेत त्यांची वेतनवाढ जाईल, जे तात्पुरते आहेत त्यांनी समजून घ्यावं. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वरून त्यांच्यावरही काही आलेलं असणार.

मी विधवा बाई. कुण्या पुरुषाला जाऊन काय म्हणू? ज्या दोघांना शरम सोडून विचारलं, त्यातल्या एकानं दार लावलं आणि दुसऱ्याच्या बायकोनं सगळ्या गल्लीसमोर माझा उद्धार केला. नोकरी गेली तर दोन पोरं घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणं एवढंच उरलं होतं. माझी आई त्यातच झिजली होती.

"असा हुकूम राजपत्रात न्हाई," काका खिडकी लावून म्हणाले. "मी भिंग लावून बघितलं. मास्तरानं केस आणावी, न्हाईतर घरी जावं, असं कुठंच न्हाई."

मी चिडलेच. "मग हेडमास्तरांना सांगा की जाऊन! माझ्या चुलीपुढं काय हरकती घेता?"

त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "मला भ्या वाटतं, बाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंगणात ते म्हणाले, "माझं नाव घाला."

"काका, तुमचं लग्न नाही. लग्न झालेला, लेकरंबाळं असलेला माणूस लागतो. तुम्ही बसत नाही त्यात."

"ठावं हाय. तो नियम मी वाचलाय."

"आणि पकडलं तर? तुम्ही आत, मी घरी. त्या ऑपरेशनात माणसं मरायलीत म्हणतात." मी हात जोडले आणि दार लावून घेतलं. विषय संपला, असं मला वाटलं.

कँपाच्या दिवशी माझी ड्यूटी नाव लिहायच्या टेबलावर लागली. मागे खुर्च्यांवर तालुक्याचे साहेब आणि हेडमास्तर चहा घेत होते. रांगेत माना खाली घातलेली माणसं. एकाला हुंदका आवरत नव्हता. मी एक नाव लिहून मान वर केली तर समोर काका. स्वच्छ धोतर, काळा कोट, मुंबईला कचेरीत घालायचे तो.

"काका, जा इथून," मी ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"पुढं लिहा, बाई," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

साहेब मागून ओरडले, "काय अडलं तिथं?" मी विचारलं, "वय?" त्यांनी बरीच वर्षं खाली उतरवून सांगितलं. "पत्नीचं नाव?" मला वाटलं, आता अडखळतील, आता सगळं संपलं.

"सुमन," ते म्हणाले. कितीतरी वर्षं म्हणत असल्यासारखं.

"मुलं?"

"दोन. मिलिंद अन् वैशाली."

माझं पेन थांबलं. हेडमास्तरांना दोन्ही नावं पाठ होती, पोरं त्यांच्याच शाळेतली. बशीचा आवाज झाला. ते उठून येतील, म्हणून मी मान खाली घालून बसले. ते आले नाहीत. जरा वेळानं चहाचा घोट घेतल्याचं ऐकू आलं. मी माझ्या लेकरांची नावं काकांच्या नावाखाली लिहिली. "आणणाऱ्याचं नाव?" हे मीच विचारायचं होतं, ते मला विचारवेना. काकांनीच सांगितलं, "शाळेच्या बाई." आणि आत गेले.

माझी नोकरी राहिली. पण काकांना ताप भरला. जखम चिघळली, अंग भाजायला लागलं. शेजारच्या गावात असाच ताप येऊन एक माणूस गेल्याचं कानावर होतं. मी पट्ट्या बदलत होते आणि मनात एकच, की हा माणूस गेला तर माझ्या नोकरीपायी गेला. डॉक्टरला सांगायची सोय नाही, खोटं बाहेर आलं असतं. कंपाउंडरच्या हातापाया पडून गोळ्या आणल्या. पोरं दारात उभी राहून बघायची, आत यायला भ्यायची.

काका ग्लानीतून जरा बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "सुमन कोण?"

"लग्न ठरलं होतं," ते छताकडे बघत म्हणाले. "हैदराबादचे नियम गेल्ते, मुंबईचे नवीन. नोकरदाराला लग्नाला इजाजत लागती का, कुणी धड सांगंना. मी खात्याला लिहून इचारलं. जबाब येईना. तिच्या बापानं तरी किती थांबावं? दिली दुसरीकडं."

"आणि जबाब?"

"आला की, मागून. 'इजाजतीची गरज नाही.'" ते हसले. मला हसता आलं नाही.

ताप उतरला त्या संध्याकाळी त्यांनी उशीला टेकून बसवायला लावलं आणि म्हणाले, "सभागृह बोलवा."

दोन्ही पोरं उंबऱ्यावर येऊन बसली. कँपात खणखणीत लागलेला आवाज आता थरथरत होता. "मी तुमची नावं वापरली. तुमाला न इचारता. तुमी माझी लेकरं हाव असं सरकारला सांगितलं. आधी केलं, अन् आता तुमच्यापुढं ठेवायलोय. हे चूक हाय. हरकत असंल तर सांगा."

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. तो निर्णय सभागृहाचा होता. तो म्हणाला, "हरकत न्हाई."

वैशालीनं मात्र हात वर केला. काका घाबरले. "इचार," ते म्हणाले.

"कवापासून?"

"तुमी म्हणाल तर... आजपासून."

"आजपासून कामून?" वैशाली म्हणाली. "आमी राहायला आलो तवापासून धरा की."

मी वाट बघत होते, आता दरोडा म्हणतील. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. बराच वेळ ते पांघरूण हलत होतं. मग आतून आवाज आला, "मंजूर."